अर्ध्या तासाचा हिशेब



गेल्या पावसाळ्यात आमच्या खडवलीतील एक वयोवृद्ध उपासक कालकथित झाले. सारी वसाहत त्यांना आबा म्हणत असे, म्हणून आपणही येथे आबाच म्हणू. रेल्वेत चाकरी करून निवृत्त झालेला साधा माणूस. बुद्धविहाराच्या बांधकामाच्या वेळी स्वतः विटा वाहिलेला, दर पौर्णिमेला वंदनेला पहिल्या रांगेत बसणारा. त्यांच्या जलदान विधीला मोठी गर्दी झाली होती. टिटवाळा, वासिंद, आसनगाव येथून पाहुणे लोकलने आले होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि भातसा नदी तुडुंब भरून वाहत होती.

त्रिसरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी विधी पूर्ण केला आणि आदरांजलीची भाषणे सुरू झाली. पाच वक्ते बोलले, त्यांत आम्हीही होतो. आबांच्या जाण्याने समाजात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे, असे आम्ही म्हणालो. ते चळवळीचे निष्ठावंत पाईक होते, असेही म्हणालो. ही दोन वाक्ये आम्ही आजवर किती जणांच्या जलदान विधीत म्हटली असतील, याचा हिशेब बी.कॉम. असूनही आम्हाला लावता येणार नाही. माणूस बदलतो, वाक्ये तीच राहतात.

सभा आटोपत आली तेव्हा आबांची आठवीत शिकणारी नात उठली. तिला कोणी बोलायला सांगितले नव्हते. ती म्हणाली, "आबा माझ्या छत्रीच्या काड्या बसवून द्यायचे. बुलबुलतरंग वाजवायचे, पण आजी झोपली की अगदी हळू वाजवायचे. नदीला गळ टाकून बसायचे आणि मासा लहान असला की परत पाण्यात सोडायचे. बुद्धपौर्णिमेच्या खिरीत वेलची किती घालायची ते आईला नाही, त्यांनाच कळायचं." एवढे बोलून ती मुलगी खाली बसली आणि रडू लागली. तिच्याबरोबर सारी सभा रडली. आम्हा पाच वक्त्यांच्या भाषणाने कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते.

आम्ही आबांना वीस वर्षे ओळखत होतो. त्यांच्यासोबत वर्गणी गोळा केली, मोर्चाला गेलो, चैत्यभूमीला गेलो. पण ते बुलबुलतरंग वाजवतात हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमच्या घरापासून त्यांचे घर शंभर पावलांवर आहे.

त्या रात्री आम्ही घरी आलो, तेव्हा आमची बारा वर्षांची कन्या जागीच होती. तिने आमच्याकडून सभेचा वृत्तांत ऐकला आणि भिंतीकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, या फोटोतल्या कुत्र्याचं नाव काय?"

आमच्या बाहेरच्या खोलीत तथागतांच्या मूर्तीशेजारी जो फोटो आहे, तो आपल्यापैकी हजारो घरांत आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा तो फोटो. आम्ही त्याला रोज हात जोडतो. चौदा एप्रिलला बाबासाहेबांवर भाषण करीत आलो त्यालाही वीस वर्षे झाली. पण त्या कुत्र्याचे नाव आम्हाला सांगता आले नाही. एवढेच काय, त्या फोटोतील पाच माणसांपैकी दोघे कोण, हेही आम्ही अडखळतच सांगितले.

आमची पत्नी आतून म्हणाली, "अहो, भाषणं करता तुम्ही, आणि घरातली माणसं ठाऊक नाहीत?" ती फोटोबद्दल बोलत होती की आमच्याबद्दल, हे आम्ही विचारले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कपाटातील चरित्रे आणि आठवणींची पुस्तके पुन्हा काढली. सकाळच्या लोकलमध्ये खडवली ते कल्याण आणि पुढे ठाण्यापर्यंत वाचत गेलो. या वेळी ठराव, परिषदा आणि कायदे शोधत नव्हतो. घरातला माणूस शोधत होतो. जे हाती लागले ते या स्तंभात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम तो फोटो. डावीकडून पहिला तरुण म्हणजे यशवंत, आपले भैयासाहेब. त्यांच्या शेजारी बाबासाहेब. मग माता रमाई. त्यांच्या पलीकडे लक्ष्मीबाई, म्हणजे बाबासाहेबांच्या बंधूंच्या पत्नी. शेवटी मुकुंदराव, हे लक्ष्मीबाईंचे चिरंजीव. आणि त्या कुत्र्याचे नाव टॉबी. बाबासाहेबांचा तो लाडका कुत्रा होता.

आता या फोटोकडे नीट पाहा. त्यात नवरा-बायको आणि मुलगा एवढेच नाहीत. वारलेल्या भावाची पत्नी आहे आणि तिचा मुलगा आहे. परळच्या पोयबावडीतील बी.आय.टी. चाळीत हे बिऱ्हाड होते, तेव्हाही लक्ष्मीबाई आणि मुकुंद त्याच घरात होते. रमाईंची धाकटी भावंडे, शंकर आणि गौरा, हीही त्याच घरात वाढली. बिऱ्हाड होते दोन खोल्यांचे. पुढे मोठे घर बांधले तेव्हा ही माणसे मागे राहिली नाहीत. घरचा फोटो काढायचा म्हटल्यावर त्यांना बाजूला उभे केले नाही. बाबासाहेबांच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे काय, हे सांगायला हा एक फोटो पुरेसा आहे.

ही माया आली कोठून? त्यासाठी सुभेदार रामजी सकपाळांकडे जावे लागते. लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत होते. तीच स्वयंपाकाची, तीच निजायची आणि तीच अभ्यासाची खोली. सरपण तेथेच आणि शेळीही तेथेच. मुलगा भीम रात्री लवकर झोपे. सुभेदार मात्र रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर स्वतः अंग टाकीत. मुलाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला, तर सुभेदार आपल्या लेकींच्या घरी जाऊन उसने मागत. प्रसंगी त्यांचा एखादा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत. पेन्शन आली की तो दागिना सोडवीत. आपल्या विद्वत्तेचे मूळ बापाच्या या धडपडीत आहे, असे बाबासाहेब पुढे अभिमानाने सांगत.

याच बापासाठी मुलाने काय केले? जानेवारी १९१३ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर नुकतेच रुजू झाले होते. वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि ते तातडीने मुंबईकडे निघाले. गाडी सुरत स्टेशनात थांबली. आजारी वडिलांसाठी काही गोड न्यावे म्हणून ते मिठाई आणायला खाली उतरले. तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने ते घरी पोहोचले, तोवर सुभेदार अगदी थकले होते. मुलगा दिसताच त्यांनी क्षीण हाताने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी प्राण सोडला.

लोकलमध्ये उभ्याने हा प्रसंग वाचताना आम्हाला आमचे स्टेशन कधी आले ते कळले नाही. आपण वाचतो की बाबासाहेब घटनेचे शिल्पकार होते, महापंडित होते. ते सारे खरेच आहे. पण बाविसाव्या वर्षी बापासाठी मिठाई आणायला उतरून ज्याची गाडी चुकते, तो मुलगा आपल्यातला आहे. खडवलीच्या फलाटावर हातात औषधाची पिशवी घेऊन सुटलेल्या कसारा लोकलकडे पाहणारा कोणीही त्याला ओळखील.

आता वाचक विचारतील की बाबासाहेबांना छंद होते काय? एवढ्या व्यापात वेळ कोठून मिळणार? आम्हीही तसेच समजत होतो. पण नानकचंद रत्तू यांच्या आठवणी वाचाव्यात. हे मूळचे पंजाबचे. दिल्लीत सरकारी कचेरीत नोकरी करीत आणि कचेरी सुटली की बाबासाहेबांकडे येऊन टंकलेखन करीत. आमच्यासारखाच कचेरीतला माणूस. त्यांनी जे पाहिले ते जपले आणि १९९० च्या दशकात पुस्तकरूपाने समाजापुढे ठेवले. माईसाहेब आंबेडकरांनीही आपल्या सहवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. अशा मंडळींमुळे आज आपल्याला घरातले बाबासाहेब दिसतात.

पुस्तकांचे वेड तर सर्वांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना, पोटाला चिमटा घेऊन, त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती. लंडनमध्ये रात्री भूक लागली की पत्र्याच्या तुकड्यावर भाजलेल्या पापडांवर भागवीत आणि वाचीत बसत. १९१७ मध्ये ते मायदेशी परतले, पण त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट महायुद्धात टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडाली. त्यात त्यांचा ग्रंथसंग्रहही गेला. नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले, ते बडोद्याला जाण्याच्या कामी आले. पुढे ज्या माणसाने राहते घर बांधताना पुस्तकांसाठी मुद्दाम जागा ठेवली, त्याला आधी हे पाणी पचवावे लागले होते.

पुस्तकांपाठोपाठ लेखण्या. हातात भरेल असे जाड फाउंटन पेन त्यांना आवडे. कपड्यांचीही आवड होती. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कोट आणि त्यांचे टंकलेखन यंत्र जपून ठेवले आहे, ते पाहिले की त्यांच्या टापटिपीची कल्पना येते. ज्यांच्या अंगावर धडके वस्त्र असू नये असा जगाचा दंडक होता, त्यांच्या पुढाऱ्याने इस्त्रीचा सूट घालणे हा नुसता शौक नव्हता. तरीही त्यात शौक होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

दिल्लीत मजूरमंत्री असताना ते २२, पृथ्वीराज रोड येथे राहत. त्या बंगल्याची बाग पाहण्यासारखी होती. झाडाफुलांवर त्यांचे लक्ष असे आणि त्याबद्दल ते माळ्याशी बोलत. मनात आले की स्वयंपाकघरात शिरून स्वतः पदार्थ रांधत आणि जवळच्या मंडळींना जेवायला बसवीत. कुत्र्यांचा लळा तर परळ-दादरपासूनचा. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. शिक्षक ठेवला, सराव केला. चित्रकलेचा कुंचलाही हाती धरला. आपल्याला वाटते की शिकण्याचे वय सरले. ज्याच्या नावापुढे एवढ्या पदव्या होत्या, तो माणूस केस पांढरे झाल्यावर सारेगमपासून शिकायला बसला.

पुण्यात सेनापती बापट मार्गावर सिंबायोसिस संस्थेच्या आवारात बाबासाहेबांचे संग्रहालय आणि स्मारक आहे. माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू तेथे ठेवल्या आहेत. भारतरत्न आहे, आणि ते व्हायोलिनही आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे. भारतरत्नाबद्दल त्यांना शाळेत कळेल, व्हायोलिनबद्दल आपणच सांगायला हवे.

येथपर्यंत वाचून झाले तेव्हा आम्ही खुशीत होतो. कन्येला रोज रात्री एकेक गोष्ट सांगत होतो. पण पुढे एक मजकूर वाचनात आला आणि त्याने आम्हाला गप्प केले. त्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

१९२८ साली 'बहिष्कृत भारत' पाक्षिक पैशाअभावी अडचणीत होते. तेव्हा बाबासाहेबांनी त्यात एक लेख लिहिला. या कामासाठी आपण काय काय खर्ची घातले, हे त्यांनी त्यात समाजापुढे मांडले. त्या हिशेबात रमाईंचा उल्लेख आहे. आपण परदेशी असताना घरप्रपंचाची सारी काळजी तिने वाहिली. आपण परतल्यावरही ओढगस्त होती तेव्हा तिने डोक्यावरून शेण वाहून आणायला कमीपणा मानला नाही. अशा प्रेमळ बाईच्या सहवासात चोवीस तासांतला अर्धा तासदेखील आपल्याला काढता आला नाही, असे त्यांनी लिहिले आहे.

अर्धा तास!

आम्ही कार्यकर्ते काय करतो? 'घरादाराकडे पाहायला वेळ मिळत नाही' असे छाती पुढे काढून सांगतो. जणू ते एखादे पदक आहे. कोणी विचारलेच, तर बाबासाहेबांचे नाव पुढे करतो, 'बाबासाहेबांनी तरी कुठे संसार पाहिला?' वाचकहो, बाबासाहेबांनी ती गोष्ट बढाई म्हणून सांगितली नाही. आम्ही कारकुनी करतो, आम्हाला जमाखर्च कळतो. त्यांनी ती देण्याच्या बाजूला लिहिली, आणि देणे कोणाचे आहे तेही स्पष्ट लिहिले. ते देणे फिटले असे त्यांनी कोठेही म्हटले नाही.

आणि त्या अर्ध्या तासात काय काय बुडाले, तेही पाहावे. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. सर्वांत धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर कोल्हापूरचे स्नेही दत्तोबा पवार यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिले. या लेकरांच्या जाण्याने आपल्या आयुष्यातली गोडीच सरली, अशा अर्थाचे ते पत्र आहे. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, हाच बाप महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला. आपण दर वर्षी महाडचा दिवस पाळतो. त्या ओंजळीतल्या पाण्यामागे एक रिकामा पाळणा होता, हे आम्ही आजवर एकाही भाषणात सांगितले नव्हते.

रमाईंना राजगृहाचे सुख फार दिवस लाभले नाही. तो फोटो काढला त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, त्या गेल्या. बाबासाहेब कोसळले. त्यांनी मुंडन केले, स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि लहान मुलासारखे रडले, असे चरित्रांतून वाचायला मिळते. पुढे काही दिवसांतच, जून १९३५ मध्ये, ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. काम थांबले नाही. दुःखही थांबले नसावे, कारण पाच वर्षांनी, १९४० साली, पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. फाळणीसारख्या रूक्ष राजकीय विषयाचे पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या पानावर परळच्या चाळीत राबलेल्या बायकोचे घरगुती नाव. तिच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल आणि आपल्यासोबत तिने सोसल्याबद्दल त्यांनी तेथे कृतज्ञता लिहिली आहे. देणे फिटत नसेल, तरी ते वहीत ठळकपणे लिहावे, हे ज्याला कळते त्यालाच आम्ही कुटुंबवत्सल म्हणू.

शेवटच्या रात्रीचीही एक गोष्ट आहे. ५ डिसेंबर १९५६. दिल्लीत २६, अलीपूर रोड. रत्तू त्या संध्याकाळी तेथेच होते. बाबासाहेब बरेच थकले होते. त्यांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लावायला सांगितली आणि स्वतः तिच्या सुरात सूर मिसळला. जेवणघराकडे जाता जाता कपाटातून काही पुस्तके काढून घेतली. जेवणानंतर कबीराचे एक पद गुणगुणत ते आपल्या खोलीकडे गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी ठेवायला सांगितले. त्याच रात्री झोपेत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

ते कबीराचे पद कोठले? सुभेदार रामजी कबीरपंथी होते. पहाटे घरात मुलांकडून भजने-पदे म्हणवून घेत. डबक चाळीच्या, साताऱ्याच्या त्या घरातला सूर दिल्लीच्या बंगल्यात अखेरच्या रात्री ओठांवर आला. त्या रात्रीच्या आठवणींत बुद्ध आहे, बाप आहे, पुस्तक आहे आणि गाणे आहे. विचार, घर आणि छंद ही एकाच माणसात नांदत होती. आपण मात्र भाषणासाठी त्यातला एकच तुकडा कापून घेतो.

आता पुन्हा खडवलीला येऊ. आबांच्या घरी आम्ही परवा गेलो होतो. भाषणात जे सांगायला हवे होते ते विचारायला गेलो. आजींनी तासभर सांगितले. आबा बुलबुलतरंग दुकानातून नवे आणू शकले नव्हते, कोणाकडचे मोडके आणून स्वतः दुरुस्त केले होते. पावसाळ्यात भातसाच्या काठी सहलीची गर्दी होते, तेव्हा ते शहरातल्या पोरांना पाण्यात उतरू नका म्हणून बजावीत आणि त्यांच्या शिव्या खात. थोरल्या सुनेला नोकरी लागली तेव्हा तिच्या मुलांच्या वेण्या घालायला ते शिकले. आजी म्हणाल्या, "मीटिंगला गेले तरी सातला परत यायचे. म्हणायचे, चूल पेटल्यावर माणूस घरात पाहिजे." एवढे सांगून त्या थांबल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही किती वाजता जाता घरी?"

आम्ही खरे उत्तर दिले नाही. येथे देतो. आठवड्यातले पाच दिवस कचेरीतून येताना आम्ही कल्याणला कोणत्या तरी बैठकीसाठी उतरतो आणि रात्री साडेदहा-अकराच्या पुढे खडवलीला पोहोचतो. तोवर कन्या झोपलेली असते. रविवारी शिबिर असते नाहीतर लग्नविधी असतो. मुलीला काय आवडते असे कोणी विचारले, तर आम्हाला छत्रीच्या काड्यांइतकेही सांगता येणार नाही. पत्नी शिवणकाम करते, हे आम्ही कुटुंबाच्या उत्पन्नात धरतो. पण ती उरलेल्या चिंध्यांची सुंदर गोधडी शिवते आणि तिच्यात मधोमध निळा चौकोन बसवते, हे आमच्या लक्षात या महिन्यात आले. अशा सात गोधड्या शिवून झाल्या आहेत. आमच्याच अंगावर त्यातली एक असते.

वाचकहो, चळवळ सोडा असे सांगायला आम्ही लेखणी धरलेली नाही. आबांनी ती कधी सोडली नाही. बाबासाहेबांची तर गोष्टच निराळी, त्यांच्या एका जन्मात कोट्यवधींची कामे होती. त्यांचा अर्धा तास आपल्यासाठी गेला. आपला अर्धा तास मात्र पुष्कळदा अशा बैठकीत जातो, जेथे मागच्या बैठकीचा चहा कोणी पाजला यावर चर्चा चालते. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

म्हणून तीन साध्या सूचना. पहिली, जलदान विधीला आणि पुण्यस्मरणाला पहिला शब्द घरच्यांना द्यावा. नातवंडांना द्यावा, सुनेला द्यावा. पुढाऱ्यांची भाषणे नंतर, आणि थोडकी. दुसरी, प्रत्येक घरात एक वही करावी. आजोबा काय वाजवीत, आजी कोणते पदार्थ करी, काकांनी कोणते झाड लावले, घरातल्या कुत्र्याचे नाव काय होते, हे तीत लिहावे. आपल्या पूर्वजांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत अशी आपण तक्रार करतो. निदान आपल्या आईबापांची तरी आपण लिहू. रत्तूंनी कचेरी सांभाळून एवढे मोठे काम केले, आपल्याला एका वहीची चार पाने जड जाऊ नयेत. तिसरी सूचना आमच्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी. माणूस हयात असतानाच त्याला विचारावे. आबांना आम्ही विचारले असते, तर त्यांनी ते बुलबुलतरंग आम्हाला नक्की ऐकवले असते.

आमच्या घरी वही सुरू झाली आहे. गेल्या मंगळवारी आम्ही कल्याणला उतरलो नाही, थेट खडवलीला आलो. पत्नीने दार उघडले आणि घाबरून विचारले, "अहो, बरं वाटत नाही का?" बरे वाटत होते. कन्येने वहीचे पहिले पान फोटोतल्या माणसांसाठी ठेवले आहे. यशवंत, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंद, अशी ओळीने नावे लिहून खाली तिने टॉबीचे चित्र काढले आहे. दुसऱ्या पानावर आबा आहेत. तिसऱ्या पानावर तिने आमचे नाव लिहून पुढे 'छंद' असे लिहिले आणि जागा कोरी सोडली आहे. ती रोज विचारते. आम्ही अजून उत्तर शोधत आहोत.